निरोप आत राहिला

घरात तिला मोठी म्हणत आणि भावाला धाकटा. दोघंच भावंडं. वडील कारखान्यात फोरमन होते. ते नुसते खाकरले तरी मशीनवरची माणसं सरळ उभी राहायची. घरीही तोच कारभार. आई होती तोवर ती त्यांची बोलणी जरा मऊ करून इकडून तिकडे पोचवायची. ‘बाबा रागावलेत’ याचं ‘बाबांना तुझी काळजी वाटते’ करण्यात तिचा हातखंडा होता. ती गेल्यावर हे काम मोठीच्या गळ्यात पडलं आणि मोठीला काही ते आईसारखं जमलं नाही.

वडिलांनी शब्द टाकून धाकट्याला आपल्याच कारखान्यात लावला होता. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो अंगातला कारखान्याचा डगला खुंटीला अडकवून घरी निघून आला. ‘मला नाही जमणार’ एवढंच म्हणाला. वडिलांची साऱ्या कारखान्यात शोभा झाली. त्यांनी त्याला दारात उभा केला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “पुन्हा या घरात पाय ठेवायचा नाही.” धाकटा बापाचाच मुलगा. त्याने नाही ठेवला.

त्याला आता दहा-बारा वर्षं झाली होती. धाकटा कुठे असायचा ते धड कळायचं नाही. कधी कुठल्या गोदीत, कधी पवनचक्क्या उभारणाऱ्या टोळीबरोबर. फोन नंबर द्यायचा नाही. वर्षाकाठी एखाददुसरा मेल मात्र मोठीला यायचा, तोही दर वेळी एकाच पत्त्यावरून येईल याचा भरवसा नाही. “ताई, बरा आहे. थंडी फार आहे. तू कशी आहेस?” बाबांचं नाव नाही. मोठी उत्तरात पानभर लिहायची आणि शेवटी एक गोड खोटं जोडायची, की बाबा तुझी आठवण काढतात. एकदा तर तिने लिहिलं, बाबांनी तुझा फोटो टेबलावर ठेवलाय. त्यावर त्याचं उत्तर आलं, “त्या टेबलाचा फोटो पाठव.” मोठीने विषय बदलला. पुढच्या मेलमध्ये त्याने एकच ओळ लिहिली होती: “ताई, खोटं बोलायचं तर जरा बेताने बोलावं.”

मोठी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. मागच्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवायची आणि उतरवायची. “आता बरं दिसतं, की मघाशी बरं दिसत होतं?” हे विचारून विचारून तिचं बोलणंच तसं झालं होतं, घरी वडिलांना भाजी वाढतानाही ती विचारायची, “आज बरी आहे, की काल बरी होती?” लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. पुढच्या दालनात फ्रेमा विकणारी एक बाई होती, मोठीच्याच वयाची, तोंडाने फटकळ. सगळे तिला फ्रेमवाली म्हणत. या दोघींचं चांगलं गूळपीठ होतं.

त्या वर्षी वडिलांना पहिला झटका आला. हलकाच होता. डावा हात जड झाला, दोन दिवसांत सुटला. डॉक्टर म्हणाले, “या खेपेला निभावलं. पुढची चाहूल देऊन येईलच असं नाही.” वडिलांनी ते ऐकलं आणि चष्मा पुसला. आठवडाभर ते खिडकीपाशी बसून राहिले. मग एका संध्याकाळी मोठी दुकानातून आली, तिची पर्स अजून खांद्यावरच होती, तेवढ्यात ते म्हणाले,

“तो तुला लिहितो ना?”

त्यांना हे माहीत आहे हेच तिला माहीत नव्हतं.

“कधीतरी,” ती म्हणाली.

“त्याला सांग.” ते थांबले. “नको. तू सांगू नकोस. तू सांगितलंस तर त्याला खरं वाटायचं नाही. मीच सांगतो. त्या फोनमध्ये बोलता येतं ना?”

मोठीने फोन त्यांच्यासमोर धरला. एका फोरमनने यंत्राशी बोलावं तसे ते ताठ बसले, खाकरले आणि म्हणाले, “हॅलो. मी बोलतोय. तुझा बाप.” मग बराच वेळ नुसता श्वास. “झालं ते झालं. घर तुझं आहे. ये.” मोठीला वाटलं संपलं, ती बटण दाबणार तेवढ्यात ते घाईने म्हणाले, “येताना बसमध्ये मागे बसू नकोस. तुला गाडी लागते.”

मोठी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

त्याच संध्याकाळी तिने लिहायला घेतलं. धाकटा हल्ली कोणता पत्ता वापरतो याची खात्री नव्हती, म्हणून आजवर त्याचे जेवढे पत्ते आले होते तेवढे सगळे घेतले. शिवाय त्याचे जुने मित्र, त्याच्या फुटबॉल संघातली मुलं, कधीकाळी तो जिथे काम करत होता ती गॅरेजं आणि वर्कशॉपं. ज्या ज्या पत्त्याशी त्याचं नाव कधी जोडलं गेलं होतं तो प्रत्येक पत्ता. म्हटलं, कुठल्यातरी एका दारातून निरोप आत जाईल. लिहिलं थोडक्यात: वडील आजारी आहेत, फार वेळ नाही, त्यांचा आवाज सोबत जोडला आहे, कृपा करून ताबडतोब ऐका आणि माझ्या भावापर्यंत पोचवा. आणि एका दमात सगळ्यांना धाडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच तिने काउंटरवरच्या संगणकावर मेल बघायला घेतला. पासवर्ड टाकला. आलेल्या पत्रांच्या यादीऐवजी कोरं पांढरं पान आलं आणि त्यावर चार ओळी. तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. या खात्याचा वापर आमच्या नियमांचा भंग करणाऱ्या पद्धतीने झाल्याचं दिसून आलं आहे.

तिने परत पासवर्ड टाकला. परत तेच.

“अगं, काय झालं? चेहरा का असा?” फ्रेमवालीने विचारलं.

“माझं खातं बंद केलं.”

“कुणी?”

“माहीत नाही.”

“का?”

“नियम मोडला म्हणे.”

फ्रेमवाली चष्मा नाकावर सरकवून स्क्रीनजवळ वाकली. “तू? तू तर रस्ता ओलांडतानाही रिकाम्या रस्त्यात सिग्नलची वाट बघतेस. कोणता नियम?”

तेच लिहिलेलं नव्हतं. मोठीने पान वरखाली करून पाहिलं, नियमांच्या नावावर टिचकी मारली तेव्हा नियमांचं एक लांबलचक पुराण उघडलं. त्यात मारामारी होती, अफू-गांजा होता, जगातलं सगळं पाप होतं, पण तिचं काय ते नव्हतं. खाली बारीक अक्षरात एक सोय होती: तुम्हाला हे चुकून झालं असं वाटत असेल तर फेरविचारासाठी कळवा.

तिने कळवलं. तिथेही आधी ती यंत्र नाही हे सिद्ध करायला लावलं. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा. आयुष्यभर दुसऱ्यांना अक्षरं वाचायला लावणारी बाई दोनदा चुकली. “आता तुला नंबर लागला,” फ्रेमवाली हसवायला म्हणाली. मोठी हसली नाही. तिने लिहिलं की मी कुणाला फसवलेलं नाही, माझे वडील आजारी आहेत, भावाचा पत्ता याच खात्यात आहे, त्याचं उत्तर याच खात्यात येईल. उत्तरासाठी दुसरा पत्ता मागितला होता, तिथे फ्रेमवालीचा दिला.

तिने बटण दाबलं आणि मग तिच्या ध्यानात आलं. वडिलांचा आवाज. तिचा फोन जुना, भरून गेलेला. त्यात जे काही साठवावं ते तो परस्पर त्या खात्यात नेऊन ठेवायचा आणि आपल्याकडचं पुसून टाकायचा. तिने फोन चाळला. आवाजाची खूण होती, पण तिच्यावर बोट ठेवलं की तेच पांढरं पान यायचं.

जाऊ दे, तिने स्वतःला समजावलं. बाबा आहेत. परत बोलतील.

पण त्या संध्याकाळी वडिलांसमोर फोन धरायचा तिला धीर झाला नाही. एकदा जो माणूस इतक्या वर्षांचा आवंढा गिळून चार वाक्यं बोलला, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की हरवलं, पुन्हा म्हणा? उद्या-परवा खातं उघडेल, मग गरजच पडणार नाही. तिने नव्या नावाने नवं खातं काढलं. पण लिहायचं कुणाला? धाकट्याचे पत्ते तिला पाठ नव्हते. त्याचं नाव, मागे कसले तरी आकडे. तिने आठवतील तसे जुळवून पाठवले. काही परत आले. जे परत आले नाहीत ते कुठल्या अनोळखी माणसाला गेले देव जाणे.

फेरविचाराचं उत्तर दोन दिवसांनी आलं. आम्ही तुमची विनंती तपासली, निर्णय कायम आहे. खाली सही नव्हती. तिने पुन्हा लिहिलं, आणखी काकुळतीने. पुन्हा तेच उत्तर आलं, काना-मात्रेचाही फरक नाही.

नेटवर शोधता शोधता तिला एक मदतीचा नंबर सापडला. लावला, आणि चक्क माणूस बोलला. गोड आवाजाचा, समंजस. तिने सगळं सांगितलं. तो मध्ये मध्ये “हो ताई, समजतंय ताई, माझेही वडील असेच आजारी होते” म्हणत राहिला. मग तो म्हणाला, “तुमच्या बँकेकडून आता एक आकडा येईल, तेवढा मला वाचून दाखवा.” फ्रेमवालीने तिच्या हातातून फोन हिसकावून घेतला आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कंपनीच्या नावाने मोठीशी आपुलकीने बोललेला पहिला माणूस, तोही चोर निघाला.

वडिलांनी काही दिवस वाट पाहिली. ते तोंडाने विचारायचे नाहीत, पण ती घरी आली की खिडकीकडून तिच्याकडे वळून बघायचे. शेवटी मोठीने सांगून टाकलं.

“बाबा, माझं खातं बंद झालंय. त्याचं उत्तर आलं असलं तरी मला दिसणार नाही.”

“बंद म्हणजे? त्याने केलं?”

“नाही हो. कंपनीने.”

“का?”

“सांगत नाहीत.”

वडिलांना हे कळेना. “अगं, कुणीतरी केलं असेल ना? हात कुणाचा तरी लागला असेल. कारखान्यात मशीन बंद पडलं तर मी आधी विचारायचो, शेवटचा हात कुणाचा? त्याला गाठ.”

“तिथे माणूस नाहीच, बाबा.”

“माणूस नाही असं कुठे असतं का?” ते चिडले. “तू नीट शोधत नाहीस. माणूस शोध.”

मग मोठी माणूस शोधायला निघाली. त्या कंपनीचं एक ऑफिस त्याच शहरात होतं, काचेच्या उंच इमारतीत. तिने दुकानातून रजा घेतली, इस्त्रीची साडी नेसली, वडिलांचे रिपोर्ट आणि स्वतःचं ओळखपत्र पिशवीत घातलं. दाराशी एक यंत्र होतं. आत जायचं तर त्यात आपला मेलचा पत्ता घालायचा, त्या पत्त्यावर आकडा येणार, तो दाखवला की दार उघडणार. मोठी त्या यंत्रासमोर नुसती उभी राहिली. पहारेकऱ्याला तिची दया आली.

“पत्ता नाही का तुमच्याकडे?”

“त्यासाठीच आलेय,” ती म्हणाली.

त्याने स्वतःचं बोट यंत्रावर टेकवून दार उघडलं.

आत थंडगार हवा, मऊ खुर्च्या, कुंड्यांमधली खोटी झाडं. टेबलामागच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं, मनापासून ऐकलं. म्हणाली, “काकू, इथे फक्त जाहिराती विकतात. खात्यांचं इथे काहीच होत नाही.”

“मग कुठे होतं?”

“ते मलाही नाही माहीत.”

तिने आतून एका साहेबाला बोलावलं. तरुण, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात कॉफीचा पेला. तो उभ्याउभ्याच ऐकत होता, पण रिपोर्ट हातात घेतले तेव्हा बसला. “मॅडम, खरं सांगू का? हे सगळं आपोआप होतं. एकाच वेळी बऱ्याच लोकांना तोच मजकूर गेला, त्यात घाई करा, आजारी आहेत, जोडलेलं उघडा असं काही असलं, की यंत्राला वाटतं फसवणूक आहे. त्यात लोकांनीही तक्रार केली तर संपलंच.”

“पण फसवणूक नव्हती ना. तुम्ही वाचा. माझ्या वडिलांचा आवाज आहे तो. तुम्ही ऐकाल तर तुम्हाला कळेल.”

“मला ते दिसत नाही, मॅडम. इथे कुणालाच दिसत नाही.”

“मग निदान तेवढा आवाज काढून द्या. खातं नका देऊ. खातं मेलं खड्ड्यात गेलं.”

त्याने मान खाली घातली. “गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंचं असंच झालं,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी इथे काम करतो, आणि मलाही काही करता आलं नाही. तुम्ही फॉर्म भरा, काकू.” मॅडमची काकू झाली, पण काम तिथेच राहिलं. त्या मुलीने पाणी दिलं. मोठी ते उभ्यानेच प्यायली आणि बाहेर आली. घरी वडिलांनी विचारलं, “भेटला माणूस?” ती म्हणाली, “भेटले. तीन भेटले. तिघंही चांगले होते.” वडिलांनी पुन्हा माणूस शोध असं म्हटलं नाही.

त्यानंतर एकदा दुकानात धाकट्याचा एक जुना मित्र आला, फुटबॉल संघातला गोलकीपर. चाळिशी लागली होती, नंबर काढायला आला होता. मोठीने अंधाऱ्या खोलीत त्याला खुर्चीत बसवलं आणि भिंगं चढवण्याआधीच अधीर होऊन विचारलं, “माझा मेल मिळाला का रे तुला?”

“तो तुझा होता?” गोलकीपर दचकला. “म्हणजे, नाव तुझंच होतं. पण हल्ली असे इतके येतात, ताई. कुणीतरी नाव चोरतं, आणि आजारी आहे, अडकलोय, ताबडतोब उघडा. मला वाटलं तुझंही कुणीतरी चोरलं.”

“मग काय केलंस?”

तो खुर्चीत सावरून बसला. मग म्हणाला, “आमच्या ऑफिसात सांगून ठेवलंय. असं काही आलं की उघडायचं नाही, फसवणूक म्हणून बटण दाबायचं. मी दाबलं. आणि आमच्या संघातल्यांनाही कळवलं, की ताईचं खातं कुणीतरी पळवलंय, तुम्हीही दाबा. वाटलं तुला मदतच होईल.”

मोठी भिंगांचा खोका मांडीवर घेऊन बसून राहिली. ओरडावं असं तिला फार वाटलं. पण कुणावर? तिच्या भल्यासाठीच त्याने केलं होतं.

“आता आहे का तो तुझ्याकडे?”

“ते आपोआप पुसून जातं गं.” तो रडवेला झाला. “धाकट्याचा पत्ता माझ्याकडेही नाही. बघतो. विचारतो सगळ्यांना.” आणि त्याने खरंच विचारलं. कुणालाच धड ठाऊक नव्हतं. मोठीने त्याचा नंबर काढून दिला. जवळचं त्याला दिसत नव्हतंच.

आता वाट बघण्यात अर्थ नाही, असं तिने त्या दिवशी घरी जाता जाता ठरवलं. बाबांना सांगायचं, हात जोडायचे, पुन्हा एकदा बोला म्हणायचं. या वेळी फ्रेमवालीच्या फोनमध्ये भरायचं, दुकानाच्या संगणकात भरायचं, चार ठिकाणी ठेवायचं. रविवारी निवांत विचारू म्हणाली. शनिवारी दुपारी शेजारीण दुकानात धावत आली. वडील खिडकीपाशीच खुर्चीतून कलंडले होते.

ते वाचले. पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणले तेव्हा त्यांच्याकडे एकच आवाज उरला होता, ‘वा’. पाणी हवं असलं तरी वा, उशी टोचली तरी वा, दिवा डोळ्यांवर आला तरी वा. डोळे तेच, फोरमनचे, समोरच्याला कळायलाच हवं असं बघणारे. आणि मोठीला कळायचं नाही. ती एकेक वस्तू पुढे धरायची, “हे? की हे?” म्हणून विचारायची, आणि ते डोळे मिटून घ्यायचे.

तिने शेवटचा एक फॉर्म भरला. त्यात बाकी काही लिहिलं नाही. माझ्या वडिलांची वाचा गेली आहे, त्यांचा बोललेला आवाज तुमच्याकडे आहे, तेवढाच परत द्या. उत्तर आलं: तुमचं खातं कायमचं काढून टाकण्यात आलं आहे, त्यातला मजकूर परत मिळणार नाही. यापुढे या विषयावरच्या पत्रांना उत्तर दिलं जाणार नाही. फ्रेमवालीने ते वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला शिवी सुचली नाही.

पानगळ सुरू झाली तेव्हा धाकटा आला. दुपारची वेळ होती. मोठी वडिलांना भरवत होती. दार वाजलं, तिने उघडलं, आणि समोर एक दाढीवाला, रुंद खांद्यांचा माणूस. ओळखायला तिला एक क्षण लागला. तो उंबऱ्याबाहेरच उभा होता.

“पत्ता बंद केलास?” पहिलं वाक्य हे. “दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा परत आलं, असा कुणी नाही म्हणून. वाटलं तूही बाबांसारखीच. भांडायला आलोय.” आणि मग तिच्या हातातली वाटी, चमचा, तिचे पांढरे झालेले केस बघून त्याचा आवाज उतरला. “काय झालं गं ताई?”

ती त्याला हाताला धरून आत घेऊन गेली. वडील टेकून बसले होते, हनुवटीवर पेज सांडली होती. त्यांनी धाकट्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ओळखलं की नाही हे मोठीला सांगता येईना. धाकटा पलंगाच्या कडेला अवघडून टेकला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने त्याला सगळं सांगितलं. मेल, बंद झालेलं खातं, काचेची इमारत, गोलकीपर. तो ऐकत राहिला. “मला काहीच आलं नाही,” तो म्हणाला. “आलं असेल तर कचऱ्यात गेलं असेल. तिकडे कोण बघतं.”

“बाबांनी तुला बोलावलं होतं,” मोठी म्हणाली. “स्वतःच्या तोंडाने. म्हणाले, झालं ते झालं. घर तुझं आहे. ये.”

धाकट्याने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. “बाबा म्हणाले?”

“हो. आणि म्हणाले, बसमध्ये मागे बसू नकोस, तुला गाडी लागते.”

तो हसला. “ताई, हे तर आईचं वाक्य. आई म्हणायची हे. बाबांना माहीत तरी होतं का मला गाडी लागते ते?”

“अरे, शपथेवर सांगते—”

“असू दे,” तो म्हणाला, अगदी प्रेमाने. “तू आईसारखंच करतेस. मला बरं वाटावं म्हणून. आता लहान नाही मी. आलोय ना? मग कशाला?”

आजवर त्याला पाठवलेल्या गोड खोट्यांची रांगच मोठीसमोर उभी राहिली. त्या गर्दीत हे एक खरं कुठे उभं करायचं? तिने गॅस बारीक केला आणि भांडं नुसतंच ढवळत राहिली.

दोन दिवस तो राहिला. वडिलांना उचलून खुर्चीत ठेवायचा, अंग पुसायचा. हात त्याचे मोठे, कामाने राठ झालेले, पण हळुवार. निघायच्या सकाळी त्याने वडिलांची दाढी केली. साबणाचा फेस पुसून झाल्यावर तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला, त्यांच्या तोंडाजवळ कान नेला आणि विचारलं, “बाबा, तुम्ही बोलावलं होतंत का मला?”

वडिलांचा चेहरा ताणला गेला. गळ्याची शीर फुगली. ओठ हलले, पुन्हा हलले.

“वा,” ते म्हणाले.

धाकट्याने वळून मोठीकडे बघितलं. त्याचे डोळे तिला विचारत होते. मोठी दारात टॉवेल घेऊन उभी होती. हो म्हणतायत, बघ, हो म्हणतायत, हे तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. वडील तिच्याकडे बघत होते. कदाचित तेच म्हणत असतील. कदाचित साबण डोळ्यात गेला असेल.

“मला नाही कळत रे,” ती म्हणाली. “पाण्यालाही ते ‘वा’च म्हणतात.”

धाकटा उठला, पेल्यात पाणी घेऊन आला. वडिलांनी दोन घोट घेतले. तिसरा ओठांवरून ओघळला, तो त्याने आपल्या बाहीने पुसला.

जाताना त्याने आपला नंबर तिच्या फोनमध्ये घातला, आणि फ्रिजवरही लिहून ठेवला. आता दर रविवारी त्याचा फोन येतो. मोठी तो वडिलांच्या कानाला लावते. पलीकडून धाकटा सांगत असतो: वारा किती होता, कोणत्या खांबावर चढलो, जेवायला काय होतं. वडील डोळे मिटून ऐकतात. मध्येच एकदा वा म्हणतात. मग मोठी फोन परत आपल्या कानाला लावते, आणि धाकटा विचारतो, “काय म्हणाले?”

“वा म्हणाले,” ती सांगते. त्यापुढे एक अक्षरही जोडत नाही.